स्पेनमध्ये गाडी अडते ती भाषेपाशी नाही, घड्याळापाशी

प्रश्न विचारणारं जोडपं नाशिकचं, साठीच्या आसपासचं. टूर कंपनीबरोबर न जाता स्वतःच सगळं ठरवून निघालेत. 28 सप्टेंबरला बार्सेलोनात उतरणार, तिथून सेविया (आपण ज्याला सेव्हिल म्हणतो ते), कोर्दोबा, ग्रानादा आणि शेवटी माद्रिद. 12 ऑक्टोबरला सकाळी माद्रिदहून परत. दोघंही शाकाहारी, काकू अंडंही खात नाहीत. स्पॅनिश शून्य. काका लिहितात, "रोज दहा शब्द पाठ करतोय. एवढ्यावर भागेल का? आणि आणखी काय बघावं?"

मी पुण्यात अठरा वर्षं स्पॅनिश शिकवते आणि अधूनमधून ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन स्पेनला जाते. म्हणून शब्दांच्या वह्या भरणाऱ्यांबद्दल मला प्रेमच आहे. पण खरं सांगू का काका, माझ्याबरोबर आलेले लोक भाषेमुळे क्वचितच अडले. ते अडले संध्याकाळी साडेसहा वाजता भूक लागली म्हणून.

आधी तेच सांगते. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे, ग्रीनिचची रेषा त्यांच्याच देशातून जाते, पण 1940 पासून त्यांचं घड्याळ जर्मनीबरोबर चालतं. म्हणजे सूर्याच्या मानाने घड्याळ पुढे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सेवियात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो. तुम्हाला पहाटे फिरायला जायची सवय असेल तर साडेसहाला बाहेर काळोख, रस्ते धुणारी गाडी आणि तुम्ही, एवढेच असाल. दुपारचं जेवण दोन ते चार. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. बंद म्हणजे बंद. हॉटेलात माणसं बसलेली दिसतील, दिवे चालू असतील, पण "कोसीना सेर्रादा" म्हणतील, आणि रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी मिळणार नाही. आपली माणसं दहाला भरपेट नाश्ता करतात, दीडला "अजून भूक नाही" म्हणतात, साडेचारला जेवायला जागा शोधतात आणि मग सगळं शहर आपल्यावर रुसलंय असं वाटून घेतात.

उपाय साधा आहे. दुपारचं जेवण हेच मुख्य जेवण करा आणि दोनच्या ठोक्याला टेबलावर बसा. सोमवार ते शुक्रवार बहुतेक ठिकाणी "मेनू देल दिया" असतो: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण 12 ते 18 युरोंत. दुसरा पदार्थ जवळपास नेहमी मांस किंवा मासे असतो. पण पहिल्यात गास्पाचो (टोमॅटोचं गार सूप), भाज्या, कोशिंबीर, पास्ता असं काहीतरी असतं. तेव्हा म्हणायचं, "दोस प्रिमेरोस, पोर फावोर". म्हणजे दोन्ही पहिलेच द्या. ही काही विचित्र मागणी नाही, तिथलेही लोक करतात. संध्याकाळच्या भुकेसाठी बार आहेत. बार म्हटल्यावर दचकू नका. तिथला बार म्हणजे आपली कोपऱ्यावरची अमृततुल्य टपरी, इराणी आणि गुत्ता यांची बेरीज. आजी नातवाला घेऊन दूध प्यायला तिथेच येते.

आता शाकाहार. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी फसगत इथेच होते.

"सोय वेखेतारियानो" (काकूंनी "वेखेतारियाना"), म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य बरोबर आहे, पण एकटं पुरत नाही. "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, हे तर त्याहून धोक्याचं. बऱ्याच स्पॅनिश माणसांच्या डोक्यात "कार्ने" म्हणजे गाय-डुकराच्या मांसाचा तुकडा. हॅम, ज्याला ते हामोन म्हणतात, ते त्यांच्या लेखी आपल्या फोडणीतल्या हिंगासारखं. त्याला कोणी वेगळं मोजत नाही. वाटाणे, फरसबी, भाजलेली वांगी, काहीही मागवा, वर लाल चुरा येऊ शकतो. सेवियात एकदा मी बजावूनही साल्मोरेखो (टोमॅटो आणि पावाचं गार, घट्ट सूप) हॅम पेरूनच आलं. मी वाढणाऱ्याकडे बघितलं, तर तो माणूस अगदी मनापासून म्हणाला, "हे मांस नाहीये, हामोन आहे!" त्यात चेष्टा नव्हती.

म्हणून यादीच म्हणायची: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि पेस्कादो, नि आतून, नि मारिस्को." मांस, कोंबडी, हॅम, मासे, ट्यूना, कोळंबी-शिंपले, काहीच खात नाही. काकूंनी पुढे "नि उएवो" जोडायचं, म्हणजे अंडंही नाही. हे वाक्य कागदावर रोमन लिपीत, स्पॅनिश स्पेलिंगने मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा. तोंडी म्हणा आणि कागदही दाखवा.

ट्यूना वेगळा का सांगते? स्टेशनवरच्या काउंटरला एक "सांद्विच वेखेताल" मिळतं. नावातच "वेखेताल". आमच्या गटातल्या एका मावशींनी केवढ्या आनंदाने ते घेतलं. पाव उघडला तर कोशिंबिरीचं पान, टोमॅटो, मेयॉनीज, उकडलेलं अंडं आणि मधोमध ट्यूनाचा थर. यात फसवणूक कोणाची नाही. तिथे त्या नावाचं सँडविच असंच करतात. "एन्सालादा मिक्स्ता" ही साधी कोशिंबीरही ट्यूना घालूनच येते. मसुरांची आमटी, "लेंतेखास", वासाला घरची वाटेल, पण तळाशी चोरीसो नावाचा डुकराच्या मांसाचा सॉसेज असतो. क्रोकेता कितीही बटाटेवड्यासारखे दिसले तरी आत बहुधा हॅम. आणि दुकानात घटकांची यादी वाचताना "मांतेका" म्हणजे डुकराची चरबी आणि "मांतेकिया" म्हणजे लोणी, हा छोटासा फरक लक्षात ठेवा. सेवियाच्या बाजूची मांतेकादो नावाची खुसखुशीत बिस्किटं, थेट नानकटाईची बहीण, पण नाव त्या चरबीवरूनच पडलंय. पारंपरिक चीजमध्येही बऱ्याचदा प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं. ते चालतं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मग खायचं काय? पुष्कळ आहे. सेवियात "एस्पिनाकास कोन गार्बान्सोस" नक्की मागवा: पालक, हरभरे, लसूण आणि चक्क जिरं. पहिल्या घासाला काका गप्प होतील. कोर्दोबा आणि ग्रानादात तळलेली वांगी, वर मधासारखी काळी काकवी. "पिमियेंतोस दे पाद्रोन" म्हणजे तळून वर मीठ घातलेल्या छोट्या मिरच्या. त्यातली एखादीच तिखट निघते आणि ते तिला घाबरतात, आपण हसतो. "पातातास ब्रावास" (तळलेले बटाटे, वर तिखट सॉस), बार्सेलोनात "एस्कालिवादा" (निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, आपल्या भरताची धाकटी जाऊ), सकाळी टोमॅटो चोळलेला पाव आणि ऑलिव्ह तेल. बटाट्याचं जाड ऑम्लेट, "तोर्तिया", हे काकांचं. ग्रानादात पेयाबरोबर एक तापा (खाण्याची छोटी बशी) फुकट येतो. तो मांसाचा यायच्या आत, ऑर्डर देतानाच "ला तापा वेखेतारियाना, पोर फावोर" म्हणून ठेवा. जैन पद्धतीचं, कांदा-लसूण वगळून हवं असेल तर मात्र भाड्याचं घर घेऊन स्वतः शिजवणं बरं. माद्रिदला लावापिएस आणि बार्सेलोनात रावाल या वस्त्यांमध्ये आपल्याकडची डाळ, तांदूळ, मसाले मिळतात.

चहाबद्दल अपेक्षा ठेवू नका. "ते कोन लेचे" (दुधाचा चहा) मागितलं तर कपभर गरम दुधात बुडवलेली पिशवी येईल. कॉफी उत्तम असते, तिच्यावर निभवा.

घरून नेताना चिवडा, भाजणी, मेतकूट बिनधास्त न्या. पण पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाच्या वड्या नकोत. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला युरोपीय संघात बंदी आहे. बहुतेक ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कढीपत्त्याची जुडीसुद्धा त्यात आली.

आता तुमच्या रोजच्या दहा शब्दांकडे येते. मराठी माणसाला स्पॅनिश उच्चार सोपे जातात, इंग्रज माणसाहून कितीतरी सोपे. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखे दातांवर. र खणखणीत. एच हे अक्षर लिहितात पण म्हणत नाहीत, दोन एल आले की "य", म्हणून पाएया (तिथला भाताचा पदार्थ), पायेला नव्हे. माद्रिदकडे "ग्राथियास" (धन्यवाद) ऐकू येईल, सेवियात "ग्रासिया", शेवटचा स गिळून. तुम्ही कोणतंही म्हणा. वही देवनागरीतच लिहा, रोमन लिपीत लिहिलंत तर इंग्रजी वाचाल.

पण शब्दांची निवड बदला. तुमच्या यादीत "पुस्तक", "टेबल", "मांजर" असेल तर ती पानं फाडा. दुकानात, लिफ्टमध्ये, बारमध्ये शिरताना "ओला, बुएनास", म्हणजे नमस्कार, म्हणायचं. हे न म्हणता थेट "किती?" विचारणं तिथे उद्धट वाटतं, आणि आपण नेमकं तेच करतो. मागायचं तर "मे पोने उन काफे कोन लेचे?" (एक दुधाची कॉफी देता का?). बिलासाठी "ला कुएंता, पोर फावोर". तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. तासभर वाट बघत बसलेली माणसं मी पाहिलीत. पाणी हवं तर "आगुआ देल ग्रीफो", नळाचं पाणी. ते पिण्याजोगं असतं आणि 2022 च्या कायद्याने हॉटेलांना ते फुकट द्यावं लागतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द बाजारातला आहे. सेवियात मंडईत गेलात की भाजीच्या गाळ्यासमोर रांग दिसणार नाही, चार-पाच बायका इकडेतिकडे उभ्या. आपल्याला वाटतं, रांगच नाही, मग काका पुढे होतात. नका होऊ. रांग आहे, ती फक्त डोक्यात आहे. आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, "एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी बोट वर करेल, "यो". आता तुम्ही तिच्या मागे. पुढचा माणूस येऊन तेच विचारेल, तेव्हा तुम्ही "यो" म्हणायचं. पहिल्यांदा असं "यो" म्हटलेल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी ती गोष्ट मला सहलभर ऐकवली.

बार्सेलोनात पाट्या आधी तिथल्या कातालान भाषेत असतात. तुम्ही "सालिदा" (बाहेर) पाठ केलेलं असेल आणि मेट्रोत "सोर्तिदा" लिहिलेलं दिसेल. बंदला सेर्रादोऐवजी "तांकात". गोंधळू नका, तुमचं स्पॅनिश सगळ्यांना कळतं.

अक्षरांच्या दोन गमती. नळावर इंग्रजी सी दिसला तर तो कोल्ड नाही, "कालिएंते", गरम. गार पाणी एफच्या नळाला. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर एच आणि एम असेल तर एम म्हणजे "मुखेरेस", बायका. काका, हे तुमच्यासाठी.

नावाचं एक प्रकरण मात्र कोणत्याच मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण ते आपलं खास आहे. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. आपल्या पासपोर्टवर समजा "सुनंदा विनायक कुलकर्णी" असेल तर हॉटेलातला मुलगा "विनायक" हे पहिलं आडनाव धरतो. बुकिंग व च्या यादीत जातं, तुम्ही क मध्ये शोधायला लावता, आणि तो म्हणतो, तुमच्या नावाने खोली नाही. घाबरू नका, मधलं नाव दाखवा. तिकिटांच्या अर्जात दुसऱ्या आडनावाची चौकट सक्तीची नसेल तर रिकामी ठेवा, आणि सगळीकडे नाव पासपोर्टबरहुकूम भरा. हॉटेलवाले पत्ता, फोन, ईमेल असं बरंच विचारतील. डिसेंबर 2024 पासून त्यांना कायद्यानेच ते नोंदवावं लागतं.

हे नाव सगळ्यात जास्त महत्त्वाचं ठरतं ग्रानादात, आलाम्ब्रा हा जुना किल्ला आणि राजवाडे पाहताना. तिथलं तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर असतं, दारात पासपोर्ट तपासतात, झेरॉक्स नेऊ नका. तिकिटावरची वेळ ही नासरी राजवाड्यांत शिरायची वेळ आहे, आवाराच्या फाटकाची नव्हे. मुख्य फाटकापासून तिथवर चालायला पंधरा मिनिटं तरी लागतात, गुडघे कुरकुरत असतील तर वीस. वेळ चुकली की राजवाडे गेले, बागा बघून परत यायचं. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, तेव्हा विमानानंतर पहिलं आरक्षण हेच करा. त्यानंतर बार्सेलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चचं. माद्रिदचं प्रादो चित्रसंग्रहालय मात्र सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 आणि रविवारी 5 ते 7 फुकट असतं. रांग लांब असते, पण भराभर सरकते.

वेगवान गाडीला "आवे" म्हणतात. आवे म्हणजे पक्षीसुद्धा. पहिली धावली 1992 मध्ये माद्रिद ते सेविया. 2004 मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हापासून लांबच्या गाड्यांना सामान स्कॅनरमधून जातं, आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. अर्धा तास आधी पोहोचा. फलकावर "वीआ" म्हणजे प्लॅटफॉर्म, तो शेवटच्या काही मिनिटांत दिसतो. "कोचे" म्हणजे डबा, "प्लासा" म्हणजे सीट. माद्रिदला आतोचा आणि चामार्तिन अशी दोन मोठी स्टेशनं आहेत. तुमची गाडी कुठली, ते तिकिटावर बघा. बार्सेलोनाच्या मेट्रोचं दहा फेऱ्यांचं "ते-कास्वाल" तिकीट एकाच माणसाला चालतं, दोघांना दोन घ्या, आणि ते विमानतळाच्या मेट्रोला चालत नाही. माद्रिदचं दहा फेऱ्यांचं कार्ड दोघांत वापरता येतं.

पैशांचं थोडक्यात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, 2020 पासून तो आपोआप चालू नसतो. मशीन "रुपयांत की युरोंत" विचारेल, प्रत्येक वेळी युरो. रुपयांत दाबलंत तर त्यांचा महागडा दर लागतो. टिप सक्तीची नाही.

चोऱ्या होतात, मारामाऱ्या फारशा नाहीत. बार्सेलोनाची मेट्रो, रांब्ला रस्ता, माद्रिदचा सोल चौक. दार बंद व्हायच्या क्षणी दारात गर्दी करणारी टोळी असते. आमच्यातल्या एकांचं पाकीट असंच गेलं. "अहो, तुमच्या कोटावर काहीतरी सांडलंय" म्हणत पुसायला येणारा माणूस, आणि ग्रानादाच्या कॅथेड्रलपाशी हातात रोझमेरीची डहाळी देऊन हात बघणाऱ्या बायका, दोघांनाही "नो, ग्राथियास" म्हणून चालत राहा. पर्स खुर्चीच्या पाठीला लटकवू नका. काही गेलंच तर पोलिसांत "देनुन्सिया" (तक्रार) नोंदवून प्रत घ्या, तिच्याशिवाय विमा मिळत नाही. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावासात जावं लागतं, म्हणून त्याची आणि व्हिसाची प्रत ईमेलमध्ये ठेवा. व्हिसासाठी विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, त्या विमा कंपनीचा फोन नंबर जवळ बाळगा. तातडीला 112.

औषधाचं दुकान हिरव्या फुलीने ओळखायचं. तिथे एक शब्द सांभाळा. इंग्रजीवरून अंदाजाने "कोन्स्तिपादो" म्हटलंत तर अर्थ होतो "सर्दी झालीय". आमच्या एका सदस्यांचं पोट तीन दिवस साफ नव्हतं, ते स्वतःच्या हिमतीवर दुकानात गेले आणि नाकात मारायचा फवारा घेऊन आले. पोटासाठी शब्द आहे "एस्त्रेन्यिदो". बीपी-शुगरच्या गोळ्या घरूनच न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

शेवटी तुमची परतीची तारीख. 12 ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिवस. माद्रिदमध्ये लष्करी संचलन असतं, राजा येतो, मधले मोठे रस्ते सकाळपासून बंद. त्या दिवशी टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, नुएवोस मिनिस्तेरिओसहून गुलाबी रंगाची 8 नंबरची लाइन थेट विमानतळावर जाते, विमानतळाचे 3 युरो माणशी जास्त पडतात. खाण्याचं सामान आदल्या रात्रीच घेऊन ठेवा, कारण सुट्टीला बरीच दुकानं बंद असतात. आणि तिकिटावर टर्मिनल बघून घ्या. एक, दोन आणि तीनसाठी आधीचं स्टेशन आहे, चार नंबरसाठी अगदी शेवटचं.